ओकावांगोतली रानम्हैस: आधी पाणी, मग गवत, कॉलर सगळ्यात शेवटी

प्रश्न विचारणारा कोल्हापूरकडचा विद्यार्थी आहे. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालं आहे, राधानगरीत गव्यांच्या शेणावर छोटा प्रकल्प केला आहे. आता बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत आफ्रिकी रानम्हशीवर पीएचडी करायची आहे. त्याचे तीन प्रश्न आहेत: जीपीएस कॉलर (म्हशीच्या गळ्यात बांधायचे, ठिकाण कळवणारे पट्टे) किती लावाव्यात, मोजणी ड्रोनने होईल का, आणि 'कोरड्या दिवसांत म्हशी पाण्याकडे सरकतात' हे गृहीतक धरून सुरुवात केली तर चालेल का.

मी तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर चुकलं तर पहिल्या दोनांना अर्थ उरत नाही.

मी मूळचा सांगलीचा, शिक्षणाने पशुवैद्यक, परिसंस्थाशास्त्राकडे नंतर वळलो. ओकावांगोत पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही वहीत पहिल्या पानावर हेच वाक्य होतं. कोरड्या सव्हानात ते बरोबरच आहे. रानम्हशीला रोज, फार तर एक दिवसाआड पाणी लागतं, मोठं जनावर दिवसाला सुमारे 30-40 लिटर पितं, त्यामुळे पाणवठे आटले की कळप उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. पण ओकावांगोचं गणित उलटं आहे. तिथला स्थानिक पाऊस नोव्हेंबर ते मार्च. नदीचं पाणी मात्र अंगोलाच्या डोंगराळ भागातून येतं. तिथे पाऊस पडतो, कुबांगो आणि कुइटो भरतात, आणि ते पाणी एप्रिलच्या सुमारास बोत्स्वानाच्या वरच्या टोकाला, मोहेंबोला शिगेला पोचतं. तिथून खाली माउन शहरापर्यंत यायला त्याला साधारण चार महिने लागतात. म्हणजे माउनजवळ पूर कधी, तर जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा आभाळात महिनोन्महिने ढग नसतो.

आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना हे थोडं ओळखीचं आहे. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो आणि सांगलीत ऊन पडलेलं असताना आयर्विन पुलाखाली पाणी चढतं. फरक इतकाच की आमच्याकडे तासांचा आणि दिवसांचा हिशेब, तिथे महिन्यांचा. जमीन इतकी सपाट आहे की पाणी वाहत नाही, पसरतं. आणि समुद्राला कधीच मिळत नाही. कलहारीच्या वाळूवर पसरून त्यातलं बहुतेक सगळं हवेत उडून जातं.

तेव्हा कोरड्या ऋतूत तिथे पाण्याची टंचाई नसते, उलट पाणी जास्त असतं. मग म्हैस कशामागे जाते? गवतामागे. पाणी चढताना पूरमैदानं बुडतात, त्यावरचा चारा हाताबाहेर जातो. पाणी ओसरायला लागलं की ओल्या मातीतून हिरवा कोंब येतो, आणि हे घडतं नेमकं ऑगस्टनंतर, ऑक्टोबरपर्यंत, जेव्हा आजूबाजूच्या जंगलातलं गवत वाळून काडी झालेलं असतं. उजनीचं पाणी हटलं की काठचे लोक गाळपेर जमिनीवर पेरा करतात, तो प्रकार डोळ्यासमोर आणा. ओकावांगोच्या काठची माणसंही तेच करतात. त्या ओसरत्या पुराच्या शेतीला सेत्स्वाना भाषेत मोलापो म्हणतात. रानम्हैस त्या गाळपेरावर पेरा न करता नुसती पीक खायला येते.

म्हणून तुमचं खरं कोडं असं आहे: कुठलं गवत, कुठल्या आठवड्यात, किती खोल पाण्याखाली किंवा पाण्याबाहेर होतं, आणि कळपाने त्यातलं काय निवडलं. 'पाण्यापासूनचं अंतर' हा आकडा तुम्ही मॉडेलमध्ये टाकाल, तो निघेलही, पण पाणीच दर आठवड्याला हलत असेल तर ते अंतर कशापासून मोजलं? माझ्या पहिल्या वर्षाचं विश्लेषण याच कारणाने मला फेकून द्यावं लागलं. मी एकाच महिन्याचा पाण्याचा नकाशा घेतला आणि वर्षभराची ठिकाणं त्यावर टाकली. निष्कर्ष आला की म्हशींना खोल पाणी आवडतं. खरं तर त्या उभ्या होत्या तेव्हा तिथे कोरडी जमीन होती.

हे टाळायचं तर नकाशा काळाशी जुळवलेला हवा. लँडसॅटच्या एका उपग्रहाची फेरी 16 दिवसांची, सेंटिनेल-2 च्या जोडीची 5 दिवसांची. नशीब असं की पूर कोरड्या ऋतूत येतो, त्यामुळे ढगांचा त्रास नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात उपग्रहचित्रं घेणाऱ्यांना हे ऐकून हेवा वाटेल. अडचण दुसरीच आहे. पपायरस आणि बोरूच्या दाट बेटांखालचं पाणी वरून दिसत नाही, हिरवं रान म्हणूनच मोजलं जातं. तिथे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात टिपलेल्या, चित्राने बरंच निभावतं, पण मोकोरोत बसून, म्हणजे त्या लाकडी होडीत, काठीने खोली मोजून पडताळणी केल्याशिवाय मी कुठल्याच नकाशावर विश्वास ठेवत नाही. पन्नास-साठ ठिकाणं तरी मोजा. कंटाळवाणं काम आहे, पाणघोड्यांमुळे धोक्याचंही आहे, स्थानिक होडीवाल्याशिवाय करू नका.

गवताबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमची पार्श्वभूमी प्राणिशास्त्राची आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांची इथेच दांडी उडते. पूरमैदानाच्या काठावर तुम्हाला एक जुनी ओळखीची भेटेल: सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी, गणपतीची दूर्वा. थोड्या ओल्या जागी पॅनिकम रेपेन्स, आणखी खोल पाण्यात वोसिया नावाचं उंच गवत, मग लव्हाळे, मग पपायरस. हा क्रम उंचीतल्या अगदी थोड्या फरकाने बदलतो. अर्धा मीटर चढ म्हणजे दुसरं गवत. बेटं बहुतेक वेळा वारुळांपासून सुरू झालेली असतात: वाळवीने उंचवटा केला, त्यावर झाडं आली, झाडांनी मुळांनी पाणी ओढलं आणि क्षार बेटाच्या मधोमध साठत गेले. म्हणून काही बेटांच्या कडेला दाट जंगल आणि मध्यभागी पांढरट, जवळपास उघडी जमीन दिसते. वरून पाहणाऱ्याला ते चांगलं कुरण वाटतं. म्हैस तिथे बसते, रवंथ करते, पण चरायला जाईलच असं नाही. बसण्याची जागा आणि चरण्याची जागा वेगळी काढल्याशिवाय 'अधिवास निवडला' हा शब्द वापरू नका.

म्हशीची खासियत ही की तिला उंच, राठ गवत चालतं. मोठा कोठा, रुंद जबडा, भरपूर रवंथ. पण 'चालतं' आणि 'पुरतं' यांत फरक आहे. राठ गवताने पोट भरतं, प्रथिनं भरत नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस, पहिला पाऊस यायच्या आधी, पोट टम्म आणि फासळ्या दिसणारी म्हैस मी शेकड्याने पाहिली आहे. इथे तुमचा शेणाचा अनुभव कामी येईल. ताज्या शेणातलं नायट्रोजन हे चाऱ्याच्या प्रतीचं बऱ्यापैकी विश्वासू मोजमाप आहे, आणि पचलेल्या गवताच्या सालीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून काय खाल्लं तेही काढता येतं. राधानगरी आणि ओकावांगो यांत एक फरक लक्षात ठेवा: पाऊस सुरू झाला की शेणकिडे तासाभरात पो फोडून नेतात. कळप उठला की लगेच जा, पण सगळा उठून गेल्यावरच. वाळवायला उन्हावर अवलंबून राहू नका. डिसेंबरात माझे चाळीस नमुने बुरशीने गेले.

अंगस्थिती पाहायला आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारासारखी शाळा नाही. म्हैस घेणारा माणूस मागे जाऊन कमरेची हाडं, शेपटीचं मूळ आणि फासळ्या बघतो, दाताला नंतर हात घालतो. आम्हीही 1 ते 5 असे गुण याच जागा पाहून देतो. फक्त दोन जणांनी एकमेकांना न सांगता द्यायचे आणि मग जुळतात का ते बघायचं. पहिल्या महिन्यात जुळत नाहीत.

आता कॉलर. किती, याचं प्रामाणिक उत्तर प्रश्नावर, पैशांवर आणि हेलिकॉप्टर किती तास मिळतं यावर अवलंबून आहे. पण एक चूक सांगतो, कारण ती सगळेच करतात आणि मीही केली. हेलिकॉप्टरचे तास महाग, म्हणून समोर आलेल्या एकाच मोठ्या कळपातल्या सहा म्हशींना कॉलर लावल्या. मला वाटलं माझ्याकडे सहा नमुने आहेत. प्रत्यक्षात त्या बहुतेक दिवस एकत्र हिंडत होत्या. माझ्याकडे एक नमुना होता, सहा वेळा लिहिलेला. दर तासाला ठिकाण मिळालं म्हणून हजारो ओळी जमल्या, पण ओळी म्हणजे नमुने नव्हेत. आज माझ्याकडे दहा कॉलर असतील तर मी त्या शक्यतो आठ-दहा वेगळ्या भागांतल्या कळपांत लावेन. एक-दोन कळपांतच जोडी ठेवेन, तीही मुद्दाम, कारण हे कळप फुटतात आणि पुन्हा मिळतात. जोडीतल्या दोघी कधी वेगळ्या होतात आणि कधी परत येतात, हाच स्वतंत्र अभ्यास आहे.

या विखुरलेल्या मांडणीला आणखी एक कारण आहे. ओकावांगोच्या या त्रिभुज प्रदेशाच्या आग्नेय भागात कॉलर लावलेल्या म्हशींत असं आढळलं आहे की पावसाळ्यात काही जणी पूरमैदान सोडून मोपाने वृक्षांच्या जंगलात जातात, जिथे खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, आणि काही वर्षभर पूरमैदानाच्याच आसपास राहतात. दोन्ही डावपेच एकाच भागात चालतात. तुम्ही एकाच कळपाला कॉलर लावलीत आणि तो राहणारा निघाला, तर तुमचा प्रबंध म्हणेल 'स्थलांतर नाही', शेजारच्याचा म्हणेल 'आहे', आणि दोघांचे आकडे खरे असतील.

कॉलर मादीलाच लावा. मादी म्हणजे कळपाचा कणा. ती कुठे आहे हे कळलं की कळप कुठे आहे ते कळतं. मोठे रेडे कळपात येतात-जातात, म्हातारे तर दोघे-चौघे मिळून चिखलात पडून असतात. शिवाय त्यांची मान आणि झुंजी यांपुढे पट्टा टिकत नाही. दहांपैकी दोन-तीन कॉलर वर्षाच्या आत बंद पडतील असं धरूनच हिशेब करा: सिंह, पाणी, बॅटरी, कधी नुसतंच अज्ञात कारण. आपोआप सुटून पडणारा जोड असलेलीच घ्या, नाहीतर ती काढायला पुन्हा बेशुद्ध करावं लागतं.

बेशुद्ध करणं हे तुमचं काम नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यासाठी एटॉर्फिन वापरतात. त्याचा थेंब माणसाला मारायला पुरतो. परवाना असलेला पशुवैद्यकच ते हाताळेल, आणि माणसासाठीचा उतारा भरून तयार असल्याशिवाय तो बंदूक उचलणार नाही. तुमचं काम म्हैस पडल्यावर सुरू होतं: तिला पोटावर बसती ठेवायची, कुशीवर पडू द्यायची नाही, नाहीतर पोट फुगतं, डोकं वर, नाक खाली, म्हणजे कोठ्यातलं पाणी घशात जात नाही, डोळे झाकायचे, अंगावर पाणी मारत राहायचं. सकाळी लवकर. ऊन चढल्यावर कुणी 'एकच राहिलीय, उरकून घेऊ' म्हणालं तर नाही म्हणा.

मोजणीकडे येतो. ड्रोनला तिथे परवानगी लागते आणि अभयारण्यात ती सहज मिळत नाही, पण ती अडचण मी दुय्यम मानतो. मुख्य अडचण अशी की म्हैस सगळीकडे सारखी विखुरलेली नसते. समजा एका प्रदेशात 300-300 चे दहा कळप आहेत, एकूण 3000. तुम्ही विमानाने पट्ट्या आखून दहावा हिस्सा भाग पाहिलात. एक कळप दिसला तर दहाने गुणून 3000, उत्तम. एकही दिसला नाही तर शून्य. दोन दिसले तर 6000. प्रदेश तोच, म्हशी त्याच. म्हणून हवाई नमुना-मोजणीत रानम्हशीच्या आकड्याभोवतीचा 'कमी-जास्त' नेहमीच मोठा असतो, आणि दोन वर्षांच्या आकड्यांत फरक दिसला की लगेच 'घट झाली' म्हणून बातमी करणं धाडसाचं आहे. मोठा कळप सापडला तर गोल फिरून फोटो काढा आणि खाली येऊन फोटोवर मोजा. हवेत बसून केलेल्या अंदाजात बहुतेकांकडून आकडा कमी येतो. माझा तर हमखास.

ड्रोनपेक्षा पीएचडीला जास्त उपयोगी म्हणजे कळपाची रचना. कळप ओढा ओलांडताना एकामागून एक जातो, तेव्हा बाजूने फोटो घ्या. रेडकं, वर्षाची पोरं, मोठ्या म्हशी, शिंगांचा मधला भाग अजून मऊ असलेले तरुण रेडे आणि कपाळावर कठीण ढाल झालेले पुरे रेडे, असे पाच वर्ग सहज पडतात. रेड्याची ही ढाल पूर्ण कठीण व्हायला साधारण सात-आठ वर्षं जातात. शंभर म्हशींमागे किती रेडकं, हा साधा आकडा वर्षागणिक ठेवलात तर पुराच्या चढउताराशी ताडता येतो. गाभणकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा असतो, म्हणून यंदाच्या पुराचा परिणाम यंदाच्या रेडकांत शोधू नका, पुढच्या वर्षीच्यात शोधा.

जाता जाता: टांझानियातल्या लेक मन्याराजवळ हर्बर्ट प्रिन्स यांनी नोंदवलं होतं की दुपारी बसलेल्या म्हशी एकेक करून उठतात, एका दिशेला तोंड करून थोडा वेळ उभ्या राहतात, पुन्हा बसतात, आणि संध्याकाळी कळप साधारण त्याच दिशेने निघतो. म्हशींची ग्रामसभाच. मी ओकावांगोत हे पाहायचा बराच प्रयत्न केला. गवतच इतकं उंच की कोण उठलं तेच दिसेना.

एका गोष्टीकडे तुमच्या प्रश्नात लक्ष गेलेलं नाही, आणि तिथे ती सगळ्यात राजकीय आहे: कुंपण. रानम्हशी लाळ्या-खुरकूताचे आफ्रिकी विषाणू अंगात वर्षानुवर्षं बाळगतात आणि त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. बोत्स्वानाचं गोमांस युरोपला जातं, म्हणून 1982 मध्ये त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेला 'बफेलो फेन्स' घातलं गेलं. हत्ती ते मोडतात, पूर मोडतो, गुरं आत जातात, म्हशी बाहेर येतात. तुमच्या नकाशावर ती रेघ नसेल तर कळप एका जागी का वळतो ते कधीच कळणार नाही. कागदांचाही हिशेब ठेवा: रक्त किंवा शेण या भागातून बाहेर न्यायला पशुवैद्यकीय परवाना लागतो, तो मिळायला महिने जाऊ शकतात. शक्य तेवढं माउनमध्येच तपासा. बोत्स्वाना विद्यापीठाची ओकावांगो संशोधन संस्था तिथेच आहे, आणि तिच्याशी जोडून घेतल्याशिवाय मी कुणाला अर्ज करायला सांगत नाही.

जुना संदर्भही ठेवा. 1896-97 मध्ये बुळकांडीची साथ आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पसरली आणि गुरांबरोबर रानम्हशींचे कळपच्या कळप गेले. यजमानच न उरल्याने त्यांच्या रक्तावर जगणारी त्सेत्से माशी मागे हटली, पुढे जनावरं वाढली तशी तीही परतली, आणि या शतकाच्या सुरुवातीला विमानातून फवारणी करून तिला इथून हटवलं गेलं. आज दिसणारी म्हशींची संख्या आणि त्यांचा पसारा या सगळ्या उलथापालथीनंतरचा आहे, 'मूळ स्थिती' वगैरे नाही. आपल्याकडेही याच रोगामुळे 1889 मध्ये पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली, जी पुढे मुक्तेश्वरला गेली. रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं.

सुरक्षेबद्दल एकच. चालत जायची वेळ येते, बहुतेक वेळा गळून पडलेली कॉलर आणायला. बंदूकधारी वाटाड्या पुढे, तुम्ही मागे, वारा तोंडावर. झुडपातून गोचीड खाणारे ऑक्सपेकर पक्षी चिरकत उडाले तर थांबा. खाली रेडा आहे. एकदा माझ्या वाटाड्याने हात वर केला तेव्हा मला फक्त ताडाची झुडपं दिसत होती. दोन रेडे वीस पावलांवर उठले आणि सुदैवाने उलट्या दिशेला गेले. त्या दिवशी कॉलर तिथेच राहिली.

तर पहिल्या वर्षी कॉलर लावूच नका. मार्गदर्शक घाई करतील, निधी देणारेही करतील, कारण कॉलरचा फोटो छान दिसतो. त्या वर्षात पुराचा एक पूर्ण फेरा बघा: मे महिन्यात पाणी चढताना एकदा, ऑगस्टात शिगेला असताना एकदा, ऑक्टोबरात ओसरताना एकदा. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पहाटे पाचला काम सुरू करा. तोवर इथे बसून करण्यासारखंही बरंच आहे. राधानगरीत शेण वाळवण्याची आणि गुण देण्याची पद्धत पक्की करा. जमलं तर गडचिरोलीतल्या कोलामार्कालाही जाऊन या. तिथली रानम्हैस बुबॅलस प्रजातीतली, आफ्रिकेतली सिन्सेरस, नातं दूरचं आहे, पण दाट रानात न दिसणाऱ्या जनावराचा माग शेण-खुरांवरून काढण्याचा सराव होतो.

महिन्यागणिक कुठल्या पट्ट्यात कुठलं गवत पाण्याबाहेर होतं, असा एक कच्चा तक्ता जुन्या उपग्रहचित्रांवरून घरबसल्या करता येईल. तो करून पाठवा. कॉलर सहा हव्यात की सोळा, ते त्या तक्त्यावर बोट ठेवून बोलू.